इंदूरहून मुक्तिनाथ, एकट्याने आणि दीडशे सीसीवर

प्रश्न थोडक्यात असा आहे. इंदूरच्या राजेंद्रनगरातला सत्तावीस वर्षांचा मुलगा, स्वतःच्या कमाईची दीडशे सीसीची बीएस-६ गाडी. मांडू, ओंकारेश्वर आणि एकदा मुंबई करून आलाय. ऑक्टोबरात बारा दिवसांची रजा काढून एकट्याने नेपाळला जायचं म्हणतो: काठमांडू, पोखरा आणि मुक्तिनाथ. आईचा विरोध आहे. आजीला मात्र वाटतं की देव्हाऱ्यातला शाळिग्राम जिथून येतो ती गंडकी नातवाने पाहून यावी. एवढी गाडी पुरेल का, कागद कोणते लागतात, आणि परक्या देशात एकट्याने जाणं बरोबर आहे का, असं त्याने विचारलंय.

मी इंदुरात दुचाकींचं वर्कशॉप चालवतो आणि बरीच वर्षं एकट्यानेच लांब जातो. सगळ्यात जास्त फिरलोय ते नेपाळात. म्हणून सरळ सांगतो: जा. गाडी पुरेल. एकट्याने जायलाही हरकत नाही. बारा दिवस मात्र पुरणार नाहीत, आणि पुढे जे काही लिहितोय ते बरंचसं या एका मुद्द्याला धरून आहे.

आधी हिशेब मांडून बघ. इंदूर ते सोनौली साडेअकराशे-बाराशे किलोमीटर. आपल्या ए. बी. रोडने देवास, शाजापूर, ब्यावरा, गुना, शिवपुरी. शिवपुरीला एनएच २७ धरलास की झाशी, कानपूर, लखनौ, अयोध्या, गोरखपूर हे सगळं त्याच एका रस्त्यावर येतं. रस्ता चांगला आहे, आणि म्हणूनच लोक त्यावर दिवसाला सात-आठशे किलोमीटर ओढतात. तू तसं करू नकोस. पहिला मुक्काम झाशी, दुसरा लखनौ, तिसरा गोरखपूर. चौथ्या दिवशी सकाळी सोनौली, दुपारपर्यंत सीमेवरचे सोपस्कार, संध्याकाळच्या आत पाल्पा जिल्ह्यातलं तानसेन. पाचव्या दिवशी पोखरा, सहावा दिवस तिथेच. सातव्या-आठव्या दिवसांत बेनीवरून मार्फा किंवा जोमसोम. नवव्या दिवशी मुक्तिनाथ. मग दोन दिवसांत खाली पोखऱ्याला, एक दिवस सीमेजवळच्या भैरहवापर्यंत आणि तीन दिवस घरापर्यंत. पंधरा दिवस इथेच झाले, आणि यात पाऊस नाही, दरड नाही, ताप नाही, पंक्चरसुद्धा नाही. वर दोन दिवस मोकळे हवेत. म्हणजे सतरा. रजेच्या दोन्ही टोकांना शनिवार-रविवार जोडलेस तर आणखी फार मागावी लागणार नाही. तेवढीही मिळत नसेल तर मुक्तिनाथ सोड, पोखरा आणि लुंबिनी करून ये. काठमांडू दोन्ही बेतांतून काढून टाक. ते वेगळ्या खेपेचं काम आहे.

मोकळ्या दिवसांवर मी एवढा का अडून बसलोय ते सांगतो. तिघे-चौघे मिळून जातात तेव्हा गाडी अडली तर एक जण मागे थांबतो, दुसरा मेकॅनिक शोधायला जातो. कोणी थकला तर बाकीच्यांच्या लक्षात येतं. एकट्याच्या हातात यातलं काहीच नसतं, त्याच्याजवळ असतो तो फक्त वेळ. ओढ्याला पाणी चढलंय, समोर दगड घरंगळतायत, डोकं दुखतंय, अंधार पडतोय, या प्रत्येक वेळी एकट्या माणसाला करता येण्यासारखी एकच चांगली गोष्ट असते, ती म्हणजे थांबणं. हातात दिवस नसेल तर थांबता येत नाही. मग माणूस नको तिथे गाडी घालतो. नेपाळच्या डोंगरातल्या अपघातांच्या ज्या हकिगती मी वर्कशॉपमध्ये ऐकल्यात, त्यांत बहुतेक वेळा रजा संपत आलेली असते.

आता कागद. भारतीय माणसाला नेपाळचा व्हिसा लागत नाही. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, दोन्ही असतील तर दोन्ही, मूळ प्रत घेऊन जा. आधारच्या भरवशावर राहू नकोस. गाडीचं आरसी कार्ड, लायसन्स, पीयूसी आणि विमा यांच्याही मूळ प्रती हव्यात. मोबाइलमध्ये दाखवायचे कागद हा आपल्याकडचा कायदा आहे, सीमेपलीकडे तो चालेल असं धरू नकोस. आरसी तुझ्या नावावर आहे हे उत्तमच. वाचणाऱ्यांपैकी कोणाची गाडी वडिलांच्या नावावर असेल तर त्यांचं सहीचं पत्र आणि त्यांच्या ओळखपत्राची प्रत बरोबर असू द्या. गाडीवर कर्ज असेल तर बँकेला लेखी विचारून निघा.

सोनौलीची कमान ओलांडली की पलीकडचं गाव बेलहिया. तिथे भन्सार, म्हणजे जकात कार्यालय. परदेशी गाडी देशात आणल्याची नोंद तिथे होते आणि जेवढे दिवस राहणार तेवढ्या दिवसांचे पैसे भरावे लागतात. त्याला जोडून यातायातचा, म्हणजे रस्त्यावर चालवायचा परवाना. बाहेर फॉर्म भरून देणारे बरेच उभे असतात. घाई नसेल तर स्वतः खिडकीवर जा, तिथले लोक नीट सांगतात, आणि पावती हातात पडल्याशिवाय हलू नकोस. ट्रकांची रांग मैलभर दिसली तरी दुचाकीला बाजूने वाट असते.

भन्सारच्या बाबतीत माझा आग्रह असा: जेवढे दिवस ठरवलेत त्यापेक्षा चार दिवस जास्तीचे भर. दुचाकीचा रोजचा दर फार नसतो, पण मुदत उलटल्यावर बसणारा दंड जड असतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पावतीवरची तारीख जवळ आली की माणूस दरडीपुढे उभा राहूनही घड्याळ बघतो. एका आर्थिक वर्षात भारतीय गाडी जास्तीत जास्त ३० दिवस नेपाळात ठेवता येते, आणि त्यांचं आर्थिक वर्ष जुलैच्या मध्यात, श्रावणाच्या पहिल्या तारखेला सुरू होतं.

पावतीवर तारीख बहुधा विक्रम संवतातली असते. तिकडचं २०८२ साल १४ एप्रिल २०२५ला लागलं. आपल्या पंचांगाशी ती जुळवायला जाऊ नकोस, कारण नेपाळातले महिने सौर आहेत. आपला आश्विन आणि त्यांचा असोज एकाच दिवशी सुरू होत नाहीत. खिडकीवरच्या माणसाला विचारून इंग्रजी तारीख पावतीच्या मागे लिहून घे. प्रवेशाचा दिवसही मोजला जातो, हे लक्षात ठेव.

विम्याचं फार कमी लोक बघतात. भारतातली मोटर पॉलिसी आपोआप नेपाळात लागू होत नाही. विमा कंपनीकडून भौगोलिक क्षेत्र वाढवून घ्यावं लागतं. एजंटला ‘आयएमटी १’ असं सांगितलं की त्याला कळतं. नेपाळ, भूतान, बांगलादेश, श्रीलंका, मालदीव आणि पाकिस्तान या देशांसाठी ही सोय आहे. थोडे पैसे जास्त भरून पॉलिसीवर तसा शेरा मारून मिळतो. निघायच्या दोन-तीन आठवडे आधी माग, कारण शाखेतल्या प्रत्येकाला याची सवय नसते. स्वतःचा प्रवास विमाही काढ, आणि त्यात दोन गोष्टी वाचून घे: दुचाकी चालवताना झालेला अपघात धरलाय का, आणि चार हजार मीटर उंचीपर्यंत तो चालतो का. मुस्तांगमधून, म्हणजे मुक्तिनाथच्या जिल्ह्यातून, माणसाला तातडीने खाली आणायची वेळ आली तर हेलिकॉप्टर लागतं आणि त्याचा खर्च साध्या घराला झेपणारा नाही.

पैशांचं सोपं आहे. १९९३पासून आपल्या १०० रुपयांना नेपाळी १६० हा दर कायम आहे. दुकानदार भाव सांगताना ‘आयसी’ की ‘एनसी’ ते विचारून घे. आयसी म्हणजे आपले, एनसी म्हणजे त्यांचे. शंभराच्या नोटा बरोबर ठेव, त्यांना कोणी नाही म्हणत नाही. मोठ्या नोटांवर तिकडे पूर्वी बंदी होती, म्हणून त्यांच्यावर विसंबू नकोस. २०२४पासून नेपाळच्या ‘फोनपे’ (Fonepay, आपलं PhonePe नव्हे) या कंपनीच्या क्यूआरवर आपलं यूपीआय चालू झालंय, भैरहवा-पोखऱ्यात त्याचा उपयोग होतो. बेनीच्या वर मात्र रोख पैसेच हवेत. सिम कार्ड सीमेवरच घे, ओळखपत्र आणि फोटो लागतो.

आता गाडी, जे माझं रोजचं काम आहे. दीडशे सीसी पुरते. नेपाळचे लोक सव्वाशे आणि दीडशेच्या गाड्यांवर दोन माणसं आणि तांदळाचं पोतं घेऊन हे सगळे घाट चढतात. त्यामुळे पल्सर, युनिकॉर्न, एफझी अशा गाड्यांचे भाग बुटवल-पोखऱ्यात सहज मिळतात, जे एखाद्या महागड्या मोठ्या गाडीच्या बाबतीत होणार नाही. उंचीवर ताकद कमी होते, दर हजार मीटरला साधारण दहा टक्के. मुक्तिनाथला, ३,७०० मीटरच्या वर, तुझ्या इंजिनाची एक तृतीयांश ताकद गेलेली असेल. बीएस-६ गाडीत इंजेक्शन असल्याने मिश्रण आपोआप जुळतं, धूर किंवा झटके येणार नाहीत, पण हवाच विरळ म्हटल्यावर ताकद कुठून येणार. पहिल्या गिअरमध्ये शांतपणे चढ. आणि म्हणूनच सामान पंधरा किलोच्या आत ठेव, जड वस्तू खाली आणि सीटजवळ.

सर्व्हिसिंग निघायच्या आदल्या दिवशी करू नकोस. हे मी माझ्या प्रत्येक ग्राहकाला सांगतो. गाडी उघडून पुन्हा जोडली की एखादा बोल्ट सैल राहू शकतो, एखादी वायर चिमटू शकते, कितीही चांगला मिस्त्री असला तरी. दोन-तीन आठवडे आधी काम करून घे आणि मग पूर्ण सामान बांधून चारशे-पाचशे किलोमीटर चालव. काय निघायचं ते मांडूच्या रस्त्यावर निघू दे. एक फेरी खंडवा रोडने भेरूघाटातून कर, सामानासकट. उतारावर गाडी सामानाने कशी पुढे ढकलली जाते ते तिथे हाताला कळेल.

काय बदलायचं? चेन सेटचे दात आकड्यासारखे वाकले असतील तर पूर्ण सेट बदल, अर्धा नको. ब्रेक पॅड नवे, ब्रेक ऑइल नवं. टायर अर्ध्याहून जास्त झिजले असतील तर नवे घाल आणि दोनेकशे किलोमीटर चालवून घे. बॅटरीकडे नीट बघ: बऱ्याच नव्या गाड्यांना किक नाही, आणि जोमसोमच्या थंड सकाळी बॅटरी बसली तर एकट्याला धक्का मारून गाडी सुरू करावी लागते. क्लच केबल नवी टाक आणि जुनी चालू स्थितीतली असेल तर तिच्याच शेजारून टेपने बांधून ठेव. तुटली तर दहा मिनिटांत दुसरी जोडता येते. बरोबर ट्यूबलेस पंक्चर किट, छोटा हवेचा पंप, क्लच आणि ब्रेकचे एकेक लिव्हर, फ्यूज, स्पार्क प्लग, चेनचं ऑइल. जादा किल्ली बॅगेत नको, अंगावर ठेव. येताना पोखऱ्यात इंजिन ऑइल बदल आणि एअर फिल्टर साफ करून घे, मुस्तांगची धूळ पिठासारखी बारीक असते आणि सगळीकडे शिरते.

सामान लादलेली पडलेली गाडी एकट्याने उचलायचा सराव घरच्या अंगणात जुनी गादी टाकून कर. शक्य असेल तर गाडी गिअरमध्ये टाक, हँडल पूर्ण वळव, सीटला पाठ लावून खाली बस, एका हाताने हँडल आणि दुसऱ्याने मागची पकड धर, आणि पायांच्या जोराने मागे-मागे पावलं टाकत उठ. कंबर वाकवून ओढायचं नाही. गाडी उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी साइड स्टँड उघडून ठेव.

बुटवल सोडलं की सिद्धार्थ राजमार्ग लगेच डोंगरात शिरतो. सिद्धबाबाचा टप्पा म्हणतात तो तिथेच. कडा सरळ रस्त्यावर झुकलेला आहे, वरून दगड येतात, आणि म्हणूनच तिथे बोगद्याचं काम काढलंय. त्या टप्प्यात फोटोला थांबायचं नाही, पुढच्या बसच्या मागे चिकटायचं नाही, सलग पार करायचं. सोनौली ते पोखरा अंतर १८० किलोमीटरच आहे, तरी मी तानसेनला मुक्काम सांगितला. सीमेवर अर्धा दिवस जातो आणि पहिल्याच दिवशी या घाटात अंधार पडू नये. तानसेन गाव सुंदर आहे, ढाका कापड विणण्याची तिथली परंपरा प्रसिद्ध आहे. सकाळी लवकर उठलास तर उत्तरेला हिमशिखरांची रांग दिसते.

दरडीबद्दल हलकं घेऊ नकोस. १२ जुलै २०२४ला चितवनमध्ये सिमलताल इथे दरड कोसळून दोन बस त्रिशूली नदीत गेल्या, साठाहून जास्त माणसं होती त्यांत. त्याच वर्षी २६ ते २८ सप्टेंबरच्या पावसाने नेपाळात २०० हून अधिक माणसं दगावली. म्हणजे सप्टेंबर संपता संपताही पाऊस घात करू शकतो. ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा आणि नोव्हेंबरचा पहिला, ही मला सगळ्यात आवडणारी वेळ. त्यातही दशैंच्या, म्हणजे तिकडच्या दसऱ्याच्या, मुख्य दिवसांत जाऊ नकोस: अख्खा देश गावाकडे निघालेला असतो, बस भरधाव असतात आणि गॅरेज बंद.

ऑक्टोबरात आणखी एक गोष्ट बघायची, ती म्हणजे बंगालच्या उपसागरातलं चक्रीवादळ. २०१४ साली हुदहुद १२ ऑक्टोबरला विशाखापट्टणमला धडकलं, आणि १४ तारखेला त्याच्या ओलाव्याने अन्नपूर्णा भागात एवढा बर्फ पडला की चाळीसहून अधिक गिर्यारोहक, वाटाडे आणि स्थानिक लोक गेले. थोरांग ला ही खिंड, जिथे सगळ्यात जास्त माणसं अडकली, ती मुक्तिनाथच्या अगदी डोक्यावर आहे. बंगालच्या उपसागरात वादळ उठल्याची बातमी कानावर आली आणि तू पोखऱ्यात असलास, तर तिथेच थांब. फेवा तलावाकाठी दोन दिवस काढणं काही वाईट नाही.

पोखऱ्यात एक दिवस ठेवलाय तो अन्नपूर्णा संवर्धन क्षेत्राच्या परवान्यासाठी, एसीएपी म्हणतात त्याला. फोटो आणि ओळखपत्र घेऊन जा. हा परवाना मुक्तिनाथपर्यंत पुरतो. कागबेनीच्या उत्तरेला अप्पर मुस्तांग लागतं, तिथे परदेशी माणसाला वेगळा महागडा परवाना लागतो. या खेपेला तिकडे वळू नकोस.

बेनीला टाकी काठोकाठ भर. तिथून जोमसोम ७५ किलोमीटरच्या आसपास, आणि या अंतराला अख्खा दिवस द्यायची तयारी ठेव. एका बाजूला धौलागिरी ८,१६७ मीटर, दुसऱ्या बाजूला अन्नपूर्णा ८,०९१ मीटर, मधून काली गंडकी वाहते आणि तिच्या अंगाने तू चाललेला असतोस. काही तुकडे डांबरी, काही कच्चे, काही ठिकाणी रस्ता रुंद करायचं काम चालू. तातोपानी आणि घासा यांच्या मधे रूप्से धबधबा आहे, त्याचं पाणी रस्त्यापर्यंत येतं.

इथे घड्याळ रस्त्याइतकंच महत्त्वाचं आहे. बर्फाचं पाणी घेऊन येणारे ओढे पहाटे लहान असतात आणि उन्हं चढली की दुपारनंतर फुगतात. घासाच्या अलीकडे एका दुपारी मी अशाच ओढ्यापाशी पोचलो, पाणी पायदानाच्या वर दिसत होतं. चहाच्या टपरीवरच्या दिदी म्हणाल्या, सकाळी जा. त्यांच्याच घरी वरणभात खाऊन झोपलो. सकाळी साडेसहाला तेच पाणी घोट्याएवढं होतं. पाण्याचा तळ दिसत नसेल, किंवा पाणी चाकाच्या मधल्या आसापर्यंत असेल, तर एकट्याने घालायचं नाही. घालायचंच तेव्हा पहिला गिअर, एक्सिलरेटर एकसारखा, नजर पलीकडच्या काठावर. मध्ये क्लच दाबायचा नाही. पलीकडे गेल्यावर ब्रेक दोन-चार वेळा हलकेच दाबून कोरडे करून घे.

दुसरं घड्याळ वाऱ्याचं. वरचं पठार उन्हाने तापलं की दरीतून हवा वर खेचली जाते, आणि साधारण दहा-अकरापासून संध्याकाळपर्यंत मार्फा ते कागबेनी पट्ट्यात वारा सुटतो. तो इतका जोरात असतो की जोमसोमची विमानं फक्त सकाळीच उडतात. चढताना तो पाठीशी असतो, येताना तोंडावर, वाळूसकट. दीडशे सीसीची हलकी गाडी त्यात आडवी सरकते. म्हणून त्या पट्ट्यातलं सगळं गाडी चालवणं सकाळी सहा ते दहा. हेल्मेटची काच बंद होणारी हवी, अर्धं हेल्मेट चालणार नाही.

उंचीचं गणितही वेळेचंच आहे. पोखरा साधारण ८०० मीटरवर. गाडीने एकाच दिवसात तिथून ३,७००वर जाता येतं, आणि त्यात धोका आहे, कारण शरीराला जुळवून घ्यायला वेळ मिळत नाही. मार्फा किंवा जोमसोमला, २,७०० मीटरच्या आसपास, एक रात्र काढच. दोन काढल्यास तर आणखी चांगलं. सकाळी मुक्तिनाथ करून झोपायला परत खाली ये. डोकं सतत ठणकणं, मळमळ, चालताना तोल जाणं, असं काही जाणवलं तर वर जायचं नाही, उतरायचं. आणि चक्कर येत असेल तर स्वतः गाडी चालवायची नाही: गाडी गेस्ट हाउसला लाव, जीपने उतर. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्स गोळी घ्यायची की नाही हे इथे निघण्याआधी डॉक्टरांना विचार.

मुक्तिनाथला गाडी रानीपौवा गावात लागते, पुढे चालत जायचं. १०८ धारा आहेत, बर्फासारखं पाणी. भिजायचं असेल तर कोरडे कपडे आणि टॉवेल पिशवीत हवेत, आणि भिजल्यावर लगेच गाडीवर बसायचं नाही. वैष्णवांच्या १०८ दिव्य देशांत हे गणलं जातं आणि बौद्धांनाही तितकंच पवित्र. देवळाची रोजची सेवा बौद्ध भिक्षुणींकडेही आहे. जवळच ज्वालामाईच्या देवळात जमिनीतल्या वायूवर ज्योत तेवते, पाण्याच्या झुळझुळीशेजारी. आजीला हे सगळं सविस्तर सांग. शाळिग्राम ज्या गंडकीत सापडतात ती जोमसोम-कागबेनीच्या पात्रात अगदी हाताशी असते, तिथे बसायला अर्धा तास राखून ठेव.

चालवण्याच्या बाबतीत चार गोष्टी, ज्या तिथे गेल्याशिवाय कळत नाहीत. गाडी आपल्यासारखीच डावीकडून चालते. आंधळ्या वळणावर हॉर्न वाजव, चढणाऱ्या वाहनाला वाट दे. उतारावर ब्रेक धरून बसू नकोस, ज्या गिअरमध्ये चढला असतास त्याच गिअरमध्ये उतर, नाहीतर ब्रेक ऑइल तापून ब्रेक आत जातो. पुढचा रस्ता कसा आहे हे ॲपला नको, समोरून येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरला विचार: ‘दाइ, बाटो खुलेको छ?’ (दादा, रस्ता खुला आहे का?) तो तासाभरापूर्वी तिथून आलेला असतो. दारू पिऊन चालवण्याची तपासणी तिकडे फार कडक असते, ‘मापसे’ म्हणतात तिला. एक घोटही नको. गाईला सांभाळ. ती तिथला राष्ट्रीय प्राणी आहे आणि गोहत्या हा कैदेचा गुन्हा आहे, त्यामुळे धडक बसली तर प्रकरण लांबतं. पोलीस १००, रुग्णवाहिका १०२, वाहतूक पोलीस १०३, पर्यटक पोलीस ११४४. हे नंबर कागदावर लिहून जॅकेटच्या खिशात ठेव, सोबत रक्तगट आणि घरचा नंबर.

आता आईचं. तिची काळजी खोटी नाही, आणि ‘काही होत नाही गं’ म्हणून ती जाणारही नाही. तिला तुझा वरचा सगळा बेत कागदावर लिहून दे: कुठल्या दिवशी कुठे मुक्काम, मोकळे दिवस कुठले, विम्याचा नंबर काय. रोज संध्याकाळची एक वेळ ठरव आणि त्या वेळी मुक्कामाचं नाव कळव. नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटं आहे, म्हणून वेळ भारताची ठरव. घासाच्या आसपास कधीकधी रेंज जाते, तेव्हा ‘उद्या दुपारपर्यंत फोन लागला नाही तर घाबरू नकोस, त्यानंतर या गेस्ट हाउसला फोन कर’ हे आधीच सांगून ठेव. माझ्या घरी या एका सवयीने बराच फरक पडला. आणि तिला हेही सांग की तू दुपारी चारला गाडी लावणार आहेस. चार वाजता, कुठेही असलास तरी, पुढचं गाव कितीही जवळ वाटलं तरी. एकट्याचा थकवा बघणारं दुसरं कोणी नसतं, म्हणून हे काम घड्याळावर सोपवायचं.

ग्रुपबरोबर जाऊ का, असंही तू विचारलंयस. अनोळखी ग्रुपपेक्षा मला तुझं एकट्याने जाणं जास्त सुरक्षित वाटतं. ग्रुपमध्ये मागे पडलेला माणूस आपल्या वेगाने चालवत नाही, पुढच्याला गाठायला चालवतो, आणि घाटात तेच नडतं. एखादा जुना, शांत हात असलेला मित्र येत असेल तर गोष्ट वेगळी.

परतीचे तीन दिवस मला चढणीपेक्षा जास्त काळजीचे वाटतात. डोंगर संपलेला असतो, रस्ता रुंद असतो, घर डोळ्यांपुढे असतं, आणि शरीर दोन आठवड्यांचं थकलेलं असतं. बेलहियाला निघताना भन्सारचे कागद दाखवून नोंद पूर्ण करून घे, पावती घरी येईपर्यंत जपून ठेव. उत्तर प्रदेशात नोव्हेंबरमध्ये उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर येतात, मागे दिवा नसतो, संध्याकाळनंतर त्या दिसतच नाहीत. सकाळी धुकं असेल तर ते विरेपर्यंत चहा पी. शेवटच्या दिवशी झाशीहून उशीर झाला आणि गुन्यालाच चार वाजले, तर तिथे खोली घे आणि दुसऱ्या दिवशी जेवायच्या वेळेला राजेंद्रनगर गाठ.